खिळ्यावरची कात्री

५ सप्टेंबर

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी बोलणी खा. तुम्हाला जाऊन महिना झाला आणि तुझं एक कार्ड आलं. त्यात काय, तर ‘पोचलो. खोली मिळाली. काळजी नसावी.’ एवढं तर पार्सलसुद्धा सांगतं. मी काय पोस्टमास्तर आहे का तुझा?

तुझं कटिंगचं टेबल तसंच आहे. मी त्यावर कोणाला बसू देत नाही. परवा उंटाने त्यावर डबा ठेवला, तर मी तो उचलून बाहेर पायरीवर ठेवला. उंट म्हणजे आपला लांब मानेचा कारागीर, तू विसरला असशील म्हणून सांगतो. महिन्याभरात माणूस भाऊ विसरतो, तर उंटाचं काय.

आता भांडण. काय झालं होतं, जरा डोकं शांत ठेवून आठव. वकीलसाहेब ट्रायलला उभे होते. मी म्हणालो, बाही आत घेऊ. तर पडद्यामागून तुझी बायको म्हणते, ‘बाही बरोबर आहे, उजवा खांदा उतरवा.’ भर दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडावर. मी एवढंच बोललो की घरातल्यांनी घरात बोलावं, दुकानात मास्तर एकच असतो. यात गाठोडं बांधून शहर सोडण्यासारखं काय होतं? जिन्याखाली एका पायमशीनवर मी हे दुकान सुरू केलं. बाबांची कात्री सोडली तर हातात काही नव्हतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा, हे सगळं मी उभं केलं. त्यात मला एक वाक्य बोलायची मुभा नाही?

तर ऐक. वर्षअखेरपर्यंत टेबल तुझं. त्यानंतर उंटाचं. मोठ्या हॉटेलच्या नोकरवर्गाच्या कोटांचं काम येतंय आणि तुझ्या हाताशिवाय ते मला झेपायचं नाही, हे मी फक्त तुला सांगतोय. बायकोला म्हणावं, राग उतरला असेल तर तिची काजबटणाची पेटी जागेवरच आहे.

आशीर्वाद.

दादा

*

१८ सप्टेंबर

दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार.

बोलणी खाल्ली. पचली. आता खोलीचं ऐक. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आमची खोली आहे, त्यामुळे आमची जमीन दिवसभर गुणगुणते. खिडकी उघडली की समोर भिंत. भिंतीत दुसऱ्याची खिडकी. ती इतकी जवळ की त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात आम्ही वेळ बघतो. ते घड्याळ पुढे आहे, म्हणून आम्ही कामावर नेहमी लवकर पोचतो.

पलंग दुमडला की इस्त्रीचं टेबल होतं आणि इस्त्रीचं टेबल पुसलं की जेवणाचं. जो आधी घरी येईल त्याने स्टोव्ह पेटवायचा असं ठरलंय. बहुतेक मीच आधी येतो. हसू नकोस, माझी भाजी आता खाण्यासारखी होते. रविवारी नुसतेच फिरतो. पुढे चालणाऱ्या माणसाच्या पाठीकडे बघून ती सांगते, याचा कोट कुठे चुकला. परवा एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, ‘कुठे चुकला, मलाही सांगा.’ तिने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

दुकान एका वयस्कर मालकीणबाईंचं आहे. त्यांचे यजमान शिंपी होते, ते गेल्यावर बाईंनी दुकान बंद केलं नाही. मी मशीनवर आहे. कटिंगला नाही. कटिंगला मास्तर आहेत आणि मास्तर कडक आहेत. परवा माझी एक कॉलर परत परत उसवायला लावली. ‘दोन्ही टोकं एकमेकांशी बोलत नाहीत’ म्हणे. शेवटी बोलायला लागली तेव्हा सोडली.

तीही याच दुकानात कामाला लागली आहे. तब्येत चांगली आहे, झोप लागते, चिडचिड कमी झाली आहे. तिची आणि माझीही.

परत येण्याचं सध्या मनात नाही, दादा.

धाकटा

*

४ ऑक्टोबर

धाकट्या,

तू मशीनवर? पत्र वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तरी मशीनच.

ज्याच्या हातचा कोट घालून वकीलसाहेब आरशासमोरून हलायचे नाहीत, त्याला कुठला तरी मास्तर कॉलर उसवायला लावतो? कोण हा? कोणाकडे शिकला? त्याला सरळ विचार. ज्याला स्वतःचं कटिंग जमत नाही तो मास्तर दुसऱ्याची शिलाई उसवत बसतो, हे मी उमेदीच्या काळात फार पाहिलंय. माझा पहिला मास्तर असाच होता. पानाची पिचकारी टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर, दोन्ही वेळा शिवी द्यायचा. त्याच्याकडून मी एकच गोष्ट शिकलो, पान न खाणं.

तुझी बायको त्याच दुकानात आहे हे बरं झालं. काजबटण तिचं चांगलं आहे, त्याबद्दल मी कधी वाईट बोललो नाही. आणि रस्त्यातल्या माणसांचे कोट तपासू नका म्हणावं. शहर नवीन आहे, कोणी तरी हात उगारेल.

इथलं सांगतो. वकीलसाहेबांचा नवा कोट मी स्वतः कापला. पाठीवर आडवी सुरकुती पडली. पुन्हा केला, सुरकुती थोडी खाली सरकली, एवढंच. वकीलसाहेब भला माणूस, कोट उतरवून ठेवला. पण जाताना दाराशी थांबून म्हणाले, ‘धाकटे कधी येणार?’ मला मशीनच्या आवाजावरून कळतं कोण बसलंय आणि कोण पेंगतंय. गिऱ्हाईक दाराशी किती वेळ थांबतं, त्यावरूनही बरंच कळतं.

हॉटेलच्या मॅनेजरला मी वर्षअखेरचा शब्द दिलाय. तुझ्या भरवशावर.

दादा

*

२० ऑक्टोबर

दादा,

मास्तरांना विचारलं, कोणाकडे शिकलात? उत्तर आलं, ‘शिकवलं कोणी नाही. पडद्याआडून बघून शिकले.’ यापुढे मी काय विचारणार?

तुला त्यांचा राग आलाय, म्हणून एक हकीकत सांगतो. दुकानाच्या भिंतीवर एका खिळ्याला जुनी कात्री टांगलेली होती. मालकीणबाईंच्या यजमानांची, त्यांनी खास बनवून घेतलेली. ते गेल्यावर जो जो कटर आला, त्याने ती काढली, बोटं घातली आणि परत खिळ्यावर लावली. कोणाच्या हातात ती बसेना. बाईंनीही मग ती नुसती पुसायची, एवढंच ठेवलं होतं. आम्ही दोघं काम विचारायला गेलो त्या दिवशी मास्तरांनी कात्री काढली, कोपऱ्यात पडलेलं अस्तराचं कापड टेबलावर टाकलं आणि एका दमात बाहीच्या मुंढ्याचा बाक कापला. कात्री कुठे थांबली नाही, अडकली नाही. बाई उठल्या. आत गेल्या आणि चहा टाकला. चहा घेऊन आल्यावर म्हणाल्या, ‘उद्यापासून या.’

तर अशा मास्तरांनी उसव म्हटलं की मी उसवतो. मला कमीपणा वाटत नाही. तू म्हणशील हा बिघडला. बिघडलो असेन. मी मशीनवर बसलो की डोकं शांत असतं, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. कात्री हातात धरली की मला घाम फुटायचा, दादा. तुला कधी दिसला नाही.

बाकी सगळं क्षेमकुशल. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ येतं, त्यावरून शेजारच्या कंडक्टरशी आमची जुंपली होती. आता समझोता झालाय. ती त्याच्या गणवेशाचा खांदा नीट करून देणार, तो आमची बादली आधी लावणार.

टेबल उंटाला देऊन टाक. माझ्यासाठी थांबू नकोस.

धाकटा

*

६ नोव्हेंबर

आदरणीय मास्तरसाहेब,

आपली ओळख नाही. पण एकाच धंद्यातली माणसं, तेव्हा थेट लिहितो. आपल्या दुकानात मशीनवर जो कारागीर आहे तो माझा धाकटा भाऊ. स्वभावाने गरीब आहे, स्वतःबद्दल बोलत नाही, म्हणून मला बोलावं लागतंय.

त्याला आपण मशीनवर बसवलंत. सोनाराला विळ्यांना धार लावायला बसवावं, तसं हे झालं. आमच्या दुकानाचं नाव ज्या कोटांवर चालतं ते सगळे त्याच्या हातचे. तो कापड घेऊन दुपारी घरात जायचा आणि तासाभराने असे तुकडे आणायचा की जोडताना ओढाताण करावी लागू नये. गिऱ्हाइकाची पाठ त्याला डोळे मिटून कळते. आमचे एक वकील गिऱ्हाईक आहेत, त्यांचं अंग बसवणं कोणाला जमत नाही. मलाही नाही. हे मी आजवर कोणाला लिहून दिलेलं नाही, आपल्याला देतोय.

आपण त्याला मोकळं करावं, एवढी विनंती. वर्षअखेरीला एक मोठं काम आहे आणि त्याच्याशिवाय मला ते परत करावं लागेल. माझ्या दुकानात मास्तर एकच असतो असं मी आजवर म्हणत आलो. तो आला तर दोन म्हणेन.

त्याच्या पत्नीसही आपल्याकडे काम दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. ती कामाला चोख आहे. फक्त मध्ये बोलते. आपल्याला त्रास होत असेल तर मी समजू शकतो.

आपला,
त्याचा थोरला भाऊ

*

१५ नोव्हेंबर

दादा,

तुम्हाला व जाऊबाईंना नमस्कार.

पाकिटावर ‘मास्तरसाहेब’ होतं म्हणून मालकीणबाईंनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. या दुकानातली मास्तर मी आहे. खिळ्यावरची कात्री मी काढली. कॉलरही मीच उसवायला लावली, आणि ती खरंच वाईट होती.

तुमच्या भावाने खोटं काही लिहिलेलं नाही. फक्त अर्धं लिहिलं. उरलेलं अर्धं मी लिहिते.

ते मशीनवर फार सुंदर बसतात. त्यांच्या शिलाईत टाका दिसत नाही. पण कापता त्यांना येत नाही आणि आधीही येत नव्हतं. आमचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा त्यांनी एका गिऱ्हाइकाचं कापड बिघडवलं आणि तुम्हाला सांगायची हिंमत होईना म्हणून ते मागच्या खोलीत घेऊन बसले. मी त्याआधी घरातले जुने कोट उसवून, जमिनीवर पसरून, पुन्हा जोडून बघितलेले होते. तुम्ही गिऱ्हाइकाचं माप घेताना काय बोलता ते पडद्याआडून ऐकलेलं होतं. ते कापड मी सावरलं. तेव्हापासून दुपारी आत जे कापड यायचं ते मी कापायची. वकीलसाहेबांचे सगळे कोट माझे आहेत.

म्हणून मी म्हणाले होते, बाही बरोबर आहे. ती मीच कापली होती. खांदा चुकला होता, तोही मीच चुकवला होता. स्वतःची चूक मला पडद्यामागून दिसली आणि मी ती सांगितली. त्यावर तुम्ही म्हणालात, घरातल्यांनी घरात बोलावं.

वकीलसाहेबांचं सांगते, ते बिचारे का अडकून राहावेत. ते वर्षानुवर्षं जड पिशवी उजव्या खांद्याला लावतात. तो खांदा खाली आहे. तुम्ही दोन्ही खांदे एकावर एक ठेवून एकदम कापता, म्हणून सुरकुती पडते. वेगवेगळे कापा.

तुम्ही लिहिलंत, भावाला मोकळं करा. त्यांना इथे कोणी बांधलेलं नाही, दार उघडंच असतं. त्यांना विचारा. मला विचाराल तर मी येणार नाही. मी मध्ये बोलते, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. इथे त्यासाठीच मला ठेवलंय.

तुमची भावजय

ता. क. दादा, मी धाकटा. मी लपवलं ते लाज वाटली म्हणून नाही. तू तिला पुन्हा बोलशील म्हणून. आता तीच बोलली, तेव्हा माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. मीही येणार नाही.

*

१२ डिसेंबर

मास्तर,

तुला काय म्हणून लिहावं हे ठरत नव्हतं. शेवटी जे आहेस ते लिहिलं.

महिनाभर उत्तर दिलं नाही. रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. माझ्याच दुकानात, माझ्याच कापडावर, वर्षानुवर्षं मला फसवलं. उंटावर खेकसलो, गिऱ्हाइकावर खेकसलो, मशीनमध्ये तेल जास्त घातलं आणि एका पांढऱ्या शर्टाची वाट लावली. मग एक दिवस वकीलसाहेबांचा कोट काढला आणि तू म्हणालीस तसे खांदे वेगळे कापले. तू खोटी पडशील म्हणून कापले, हेही सांगून टाकतो.

सुरकुती गेली. वकीलसाहेब आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे धाकटे आले तर.’ मी नाही म्हणालो नाही. होही म्हणालो नाही. खडू शोधत बसलो.

तर आता धंद्याचं बोलू. दोघं परत या. पडद्यामागे मी मोठं टेबल टाकतो, वर चांगला दिवा लावतो. तू आत कापायचं, धाकट्याने बाहेर शिवायचं. आत कोण कापतं ते गिऱ्हाइकाला कशाला कळायला हवं? त्याला कोट बसल्याशी मतलब. पुढचं टेबल धाकट्याच्या नावाने राहील. हॉटेलचं काम आपण घेऊ. तुला घरात कोणी एक शब्द बोलणार नाही, मीसुद्धा नाही. यापेक्षा जास्त मी कोणालाही कधी देऊ केलेलं नाही.

सोबत बाबांची कात्री पाठवतोय. मी ती उंटालाच काय, धाकट्यालाही हात लावू दिला नव्हता. काल तिला धार लावून घेतली. तुझ्या हातात शोभेल.

दादा

(पार्सल कापडात शिवलेलं होतं. आतल्या दुमडीत ही चिठ्ठी मिळाली.)

बाई गं,

हे पार्सल मीच शिवलंय. कात्री उजव्या हाताची आहे, हे मला माहीत आहे. काजं करताना तुझं डावं कोपर आणि माझं उजवं कोपर एकमेकांना लागायचं, म्हणून मी तुझ्या दुसऱ्या बाजूला बसायला लागले, आठवतं? यांना मी काही बोलले नाही. माझ्याकडून कळलं तर हसून सोडून देतील. तुझ्याकडून कळू दे.

तुझी जाऊ

*

१९ डिसेंबर

दादा,

कात्री परत पाठवते आहे. नीट गुंडाळली आहे, धारेला काही लागलेलं नाही.

ती उजव्या हाताची आहे. मी डावखुरी आहे.

शाळेत बाईंनी पट्टी मारून पेन्सिल उजव्या हातात दिली, म्हणून लिहिते उजव्याने. पण सुई, कात्री, हातोडी, सगळं डाव्याने. मी तुमच्या घरात राहिले, तुमच्या दुकानाची काजं केली, तुमची कापडं कापली. माझा हात कुठला, हे तुम्हाला दिसलं नाही. पडदा होता हे खरं. पण तो कोणी तरी लावलेला होता.

उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की काय होतं, तुम्ही करून बघा. वरचं पातं रेघेवर येतं. आपण काय कापतोय ते दिसत नाही, अंदाजाने जावं लागतं. कापड पात्यांमध्ये दुमडतं, मध्येच अडकतं, अंगठ्याची साल जाते. वकीलसाहेबांचे सगळे कोट मी तसे कापले. इथे खिळ्यावरची कात्री घेतली आणि पहिल्यांदा मला मी कापते ती रेघ दिसली. मालकीणबाईंचे यजमान डावखुरे होते. त्यांची कात्री कोणाला जमत नव्हती, त्यात कात्रीचा दोष नव्हता.

तुमच्या टेबलाचं. पडद्यामागे दिवा लावाल, तो चांगला असेल, शंका नाही. पण पडदा राहीलच. मला गिऱ्हाइकाची पाठ पडद्याशिवाय बघायची आहे आणि चुकली तर त्याला माझ्या तोंडाने सांगायची आहे. त्याने मला नावं ठेवली तर तीही मलाच ऐकायची आहेत. इथे ठेवतात. परवा एक गृहस्थ मला बघून कोट काखेत मारून निघून गेले. दोन दिवसांनी परत आले, कारण बाहेर त्यांना जे मिळालं ते अंगात बसलं नाही. मी टेप काढली आणि म्हणाले, सरळ उभे राहा.

तुम्ही कोणालाही दिलं नाही ते मला देऊ केलंत, हे मला कळतं. तरी नको.

बाबांची कात्री तुमच्याच हाताची आहे. तुमच्याकडेच राहू दे.

तुमची भावजय

*

३ जानेवारी

मास्तर,

कात्री मिळाली. तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं, मग आत जाऊन हिला विचारलं.

‘ती डावखुरी आहे, हे तुला ठाऊक होतं?’

‘होतं.’

‘मग पार्सल शिवताना बोलली का नाहीस?’

‘तुम्ही विचारलं कुठे?’

आणि ही भाजी चिरायला लागली.

कान तिखट असल्याचा मला फार अभिमान. दुपारी पडद्यामागून कात्रीचा आवाज यायचा, तो मला आता रोज ऐकू येतो. कर्र, मग थांबणं, मग पुन्हा कर्र. मला वाटायचं, धाकटा जेवून पेंगत कापतोय. एकदा उंटाला म्हणालोही होतो, ऐक, झोपेत कापतो तरी असं कापतो. तू पत्रात लिहिलंस तसं मी काल करून पाहिलं. बाबांची कात्री डाव्या हातात धरली. एका साध्या चिंधीचीही सरळ पट्टी निघेना. अंगठा सोलला. ही बघत होती. मलम आणून दिलं.

वर्षअखेर उलटून गेली. हॉटेलचं काम सोडलं. मॅनेजरला सांगितलं, कापणारं माणूस माझ्याकडे नाही. तो म्हणाला, तुमचे भाऊ होते ना? मी म्हणालो, भाऊ नव्हते, भावजय होती. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी प्यायलोय. वकीलसाहेबांनाही सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, ‘पत्ता काय तिचा?’ दिला. काय करणार.

टेबल उंटाला दिलेलं नाही. तो मान लांब करून बघत असतो. तुझ्या जाऊने तिचं स्टूल तिथे ओढलंय आणि काजं तिथेच बसून करते, उजेड बरा पडतो म्हणते. पडदा धुवायला काढला होता. वाळला, घडी करून कपाटात गेला, परत लावलेला नाही. मी विचारलं नाही. विचारलं तर काय उत्तर येईल ते आता मला माहीत आहे.

मी माफी वगैरे मागत नाही. माझ्या दुकानात माझं म्हणणं होतं, ते मी बोललो. मी कोट मागतोय. आयुष्यभर लोकांना कोट चढवले, माझ्या अंगावर कोणी चढवला नाही. कापड माझ्याकडे आहे, करड्या रंगाचं. मापं या पत्रामागे लिहिली आहेत, स्वतःच आरशात बघून घेतली. तुझ्या सवडीने काप. घाई नाही.

दादा

*

१४ जानेवारी

दादा,

मापं परत पाठवते आहे. खांदा चुकलाय. आरशात बघून स्वतःचा खांदा कोणालाच घेता येत नाही, आणि तुम्हाला तर दुसऱ्याचाही जरा जड जातो.

पत्रावर माप मी घेत नाही. कोट हवा असेल तर यावं लागेल. येताना कापड आणा, जाऊबाईंना आणा. कात्री आणू नका. खोली लहान आहे, इस्त्रीचं टेबल पसरलं की पलंग होतो, त्यावर तुम्ही दोघं. आम्ही खाली. जमीन गुणगुणते, पहिल्या दिवशी झोप लागत नाही, मग सवय होते. भाजी तुमचा भाऊ करणार आहे. नावं ठेवलीत तर पुढची तुम्ही करायची, हा इथला नियम आहे.

दुकानात आलात की बाकावर बसायचं. तुमच्या आधी कंडक्टर आहेत, ओळखीने कोणाला पुढे घेत नाही. नंबर आला की स्टुलावर उभं राहायचं. ट्रायलला आमच्याकडे पडदा नाही, सगळ्यांच्या समोर होते. कोट कुठे चुकला ते कोणीही बोलू शकतं. मालकीणबाई बोलतात, बाकावरची गिऱ्हाइकं बोलतात, तुमचा भाऊ मशीनवरून मान वर करून बोलतो. तुम्हीही बोला.

पण कुठे कापायचं, ते मी सांगेन. तुम्ही हात सरळ सोडून उभे राहा.

मास्तर